दिवेलागणीचा मग

आमचे नाथाजीतात्या पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक हिरवी पेटी आली, एक पांढरा इनॅमलचा मग आला आणि दिवेलागणीला त्या मगात रम ओतायची सवय आली. पेटीबद्दल आणि मगाबद्दल त्यांच्या बायकोची, बनुकाकूची, काही तक्रार नव्हती.

मी त्यांची पुतणी, अंजना. कराडच्या वर कोयनाकाठी आमचं उसाचं गाव. तात्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळे त्यांच्याकडे खोकलं तरी आमच्याकडे ऐकू येई. तात्या पिऊन कधी कुणाला शिवी देत नसत, मारहाण तर दूरच. ते फक्त पलटणीत परत जात. गोठ्यातल्या म्हशींना रांगेत उभं करायला बघत.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात भैरोबाची यात्रा होती. पालखी आमच्या गल्लीत आली आणि तात्या मधोमध उभे राहून ओरडले, "थम!" खांदेकरी निम्मे त्यांचेच भाचे-पुतणे. ते खरंच थांबले. मग तात्यांनी देवाच्या पालखीला "तेज चल" केलं. सगळं गाव पोट धरून हसलं. मीही हसले, कशाला खोटं बोलू? दारात आरतीचं ताट घेऊन उभी असलेली बनुकाकू तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडी बोचक्यात बांधली. तिचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. तात्यांची उतरली होती. ते म्हणाले, "भैरोबाची शपत घेतो."

"शपत नगं," काकू म्हणाली. "शपत मोडायला लय सोपी असती. आवं, आजच्या दिवशी पिऊ नका. उद्याचं उद्या बघू. पर ज्या दिवशी वास आला, त्या दिवशी मी हितं न्हाई. मागनं न्यायला येऊ नका."

काकू एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यातली नव्हती. बोचकं तिनं सोडलं नाही, तसंच खुंटीला अडकवून ठेवलं.

दिवस बरा जाई. तात्या उसाला पाणी पाजत, चावडीवर बसत. खरा प्रश्न दिवे लागले की सुरू होई. त्यांच्या हाताला काही सुचत नसे. एकदा मी गेले तर रिकामा मग गुडघ्यावर धरून बसलेले. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "तात्या, मग घिऊन कुणाची वाट बघताय?" काकूनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. मग तिनं तो मग त्यांच्या हातातून काढून घेतला, आत गेली आणि पन्ह्यानं भरून आणला. कैऱ्या उकडून, गर कोळून, गूळ आणि वेलदोडा घातलेलं पन्हं. तात्यांनी तोंड वाकडं केलं.

"ह्यात काय हाय?"

"कैरी हाय. बसा गुमान."

त्या दिवसापासून काकूनं मनाशी पक्कं केलं, की दिवेलागणीला हा मग रिकामा राहायचा नाही. तिनं तसं कुणाला सांगितलं नाही, पण मी बघत होते. भाकरीला उशीर झाला तरी चालेल, म्हशीची धार राहिली तरी चालेल, मग आधी भरायचा. कैऱ्या संपल्या तशी आंबील सुरू झाली. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी लसूण-जिरं ठेचून शिजवायचं आणि संध्याकाळपर्यंत मडक्यात गार करायचं. पहिल्या दिवशी तात्या म्हणाले, "ही काय म्हशीची पेंड हाय?" आठवड्यानं मडक्याचा तळ खरवडायला लागले.

गाव काय, बोलायला मोकळंच. पारावर म्हणत, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हवालदार पावसाळ्यापर्यंत टिकला तरी खूप. पावसाळा कठीणच गेला. बाहेर झड लागलेली, अंगात गारठा भरलेला आणि तात्या येरझाऱ्या घालत असलेले. माझे वडील, तात्यांचे धाकटे भाऊ लालासाहेब, म्हणत, "अशा पावसात रमची आठवण कुणालाबी येईल." त्यांनी रम जन्मात चाखली नव्हती! काकूनं माहेराहून हुलगे मागवले. आमच्या उसाच्या गावात हुलगा म्हणजे बैलाचं खाणं. बायकांनी नाकं मुरडली. काकूनं हुलगे भाजले, जात्यावर दळले आणि गूळ-सुंठ घालून कढत माडगं केलं. तात्यांनी दोन्ही हातांनी मग धरला आणि फुंकर मारत मारत संपवला. "अंगात ऊब आली गड्या," असं ते स्वतःशीच म्हणाले. काकू चुलीकडे तोंड करून बसली होती. तिचे डोळे पाणावले होते. धुरानं, असं ती म्हणाली.

कोजागिरीला आटीव दूध झालं. थंडीत गुऱ्हाळ लागलं, तेव्हा आलं-लिंबू पिळलेला उसाचा रस. एकदा साताऱ्याहून त्यांचा पलटणीतला दोस्त सयाजी वर्तमानपत्रात बाटली गुंडाळून आला. काकूनं दोघांसमोर सुंठ घातलेली ऊन ऊन काकवी ठेवली आणि उंबऱ्यात बसली. उठेचना. बिचारा सयाजी काकवी पिऊन, बाटली परत काखेला मारून शेवटच्या एस्टीनं गेला.

वर्ष उलटलं. आता तात्यांना स्वतःलाच करून बघायची हौस आली. पन्ह्यात जिरं किती, ताकाला हिंग केव्हा, यावरून ते काकूला शिकवायला लागले. हवालदारच ते! ज्येष्ठात ओढ्याकाठची जांभळं पिकली, तेव्हा त्यांनी पाटीभर आणून कुस्करली, रस गाळला, गूळ घातला, चिनी मातीची बरणी भरली आणि तोंडाला फडकं बांधलं.

"लोणचं मुरतंय, मग सरबत का मुरू ने?" ते म्हणाले. "मुरलं म्हंजे ब्येस लागंल."

त्याच वेळी कुपवाडला दिलेल्या त्यांच्या मुलीच्या मुलाचं बारसं निघालं. दोघं गेले ते नातवाच्या मायेनं आठ-दहा दिवस तिकडेच रमले.

परत आले त्या दिवशी संध्याकाळी पाऊस लागला होता आणि आम्ही सगळे त्यांच्या सोप्यावर होतो. तात्यांनी मोठ्या ऐटीत बरणी आणली. फडकं सोडलं तर वर फेस. माझ्या वडिलांना थांबवेना. त्यांनी पेला भरून घेतला, मिटक्या मारत संपवला आणि दुसरा घेतला. थोड्या वेळानं ते भजन म्हणायला लागले. आमचे वडील कधी भजनाला गेल्याचं मला आठवत नव्हतं.

तात्यांनी मगातून एक घोट घेतला. त्यांचा हात होता तिथंच थांबला. तो घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला, गिळेनात. मग उठून अंगणात थुंकला आणि परत येऊन बसले. हातातला मग खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. कपाळाला घाम आला होता.

"आगं," ते म्हणाले, "ही दारू झालीया."

"कशाची? जांभळाची?" काकू हसली. "आवं, आंबलं असंल जरा. एवढा गूळ घातलाय, एवढा राबलाय तुमी. प्या की!"

सव्वा वर्षं जी बाई उंबरा अडवून बसली होती, तीच आज आग्रह करत होती. रमचा वास तिला चार घरांवरून येई, पण ह्याला जांभळाचा वास येत होता. तात्या प्याले असते तर कोण काय म्हणणार होतं? घरचं सरबत, बायकोनं आग्रहानं पाजलेलं. शब्द मोडला असंही कुणी म्हणालं नसतं.

"न्हाई," तात्या म्हणाले. "तू म्हणतीस म्हणून आज पिलो, तर उद्याबी तूच भरून देशील. आन् मी रोज पीन. मला माझं ठावं हाय."

त्यांनी तो मग लांब सारला. काकूचं हसू गेलं. भजन म्हणणाऱ्या दिराकडे तिनं एकदा नीट बघितलं. मग तो मग उचलला आणि एक घोट स्वतः घेतला. दारू म्हणजे काहीतरी घाणेरडं, सोडणाऱ्यानं थुंकून टाकावं असं, हेच तिच्या डोक्यात होतं. ती दुसरा घोट घेऊन तशीच बसून राहिली.

"एवढं गोड असतंय व्हय?" ती मगात बघत म्हणाली. "एवढं गोड सोडलंसा तुमी माझ्यापायी? आन् मी कैरी पाजत बसले."

"गोड कुठलं?" तात्या म्हणाले. "रम कडू जहर असती."

"मग कशाला पीत हुता?"

तात्यांच्या नोकरीची सगळी वर्षं काकू इथं सासू-सासऱ्यांचं करत राहिली होती. सुट्टीचे दिवस सोडले तर दोघं पेन्शनीपर्यंत एका घरात कधी राहिलेच नव्हते.

"तिकडं सांज झाली की दुसरं काय करून द्यायला कोण हुतं?" ते म्हणाले.

काकूनं तोंडाला पदर लावला. मग डोळे पुसले, कासोटा आवळला आणि बरणीला एका बाजूनं हात घातला. दुसरी बाजू तात्यांनी धरली. वडील "आरं आरं" म्हणत राहिले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. भर पावसात दोघांनी मिळून ती बरणी उकिरड्यावर नेली आणि पालथी केली.