लातूरवालीचं इंजिन कुणी बदललं?

जुन्या गाडीचं एक बरं असतं. चालली तर मजा, आणि बंद पडली तर किस्सा देऊन जाते. आमच्या गाड्या जास्त करून बंदच पडतात, त्यामुळं माझ्याकडं किश्श्यांचा स्टॉक कधी संपत नाही. काल एका पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून त्याला दोन ऐकवले. बिचाऱ्याला उठूनही जाता येईना. आज तुमची पाळी.

मी नांदेडला दातांची डॉक्टर. आमचे शिवानंद औषधांचे होलसेलवाले, पण त्यांचा सगळा जीव माझ्या सासऱ्यांच्या विलायती स्पोर्ट गाडीत. हिरवी, उघडी, दोनच सीटची, आणि बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. सासरी लातूरला असायची म्हणून तिचं नाव लातूरवाली. तिसरे कुलकर्णी सर, कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. चौथे खलीलभाई, त्यांच्या गॅरेजात आमचे रविवार जातात. अशी आमची चौघांची टोळी, आणि लोक आम्हाला ‘नंबरवाले’ म्हणतात.

नंबरवाले का, ते सांगते. या गाड्यांच्या बॉनेटखाली कारखान्यानं एक प्लेट लावलेली असते. तिच्यावर दोन नंबर, एक चेसीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, आणि एक इंजिनाचा. खुद्द चेसीवर ठोकलेला नंबर आणि खुद्द इंजिनावरचा नंबर त्या प्लेटीशी जुळला, तर गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे. नाही जुळला, तर मधे कुणीतरी हात मारलाय. एवढंच शास्त्र. पण या एवढ्याशा शास्त्रापायी आमच्या घरी कितीदा तरी भाकरी गार झाल्यात.

आणि सांगून ठेवते, अख्ख्या मराठवाड्यात या कामात आमचा हात धरणारं कुणी नाही. स्वतःच्या तोंडानं सांगू नये म्हणतात, पण दुसरं कुणी सांगत नसलं तर काय करायचं?

*

मला या टोळीत आधी घेतलंच नव्हतं. चहा पाठवायला तेवढी मी. शिवानंद एकदा माझ्या क्लिनिकातला दात बघायचा छोटा आरसा गुपचूप उचलून देगलूरला गेले. तिथल्या एका कापडवाल्याकडं जुनी गाडी निघाली होती आणि तिच्या इंजिनावरचा नंबर अशा कोपऱ्यात होता की डोकं काही आत जाईना. यांनी आरसा आत घातला आणि नंबर वाचला. सरांनी हिशोब लावून जाहीर केलं, “ही अगदी पहिल्या लॉटमधली गाडी. भारतात दुसरी नसेल.”

कापडवाल्यानं गल्लीत पेढे वाटले. आमच्याकडंही डबा आला. पेढा खाता खाता मी सहज नंबर विचारला. त्यात एक, आठ आणि शून्य, एवढेच आकडे. मी म्हणलं, “आरशात बघितला ना? मग हे आकडे उलटे नको का वाचायला?”

सरांच्या हातातला पेढा हातातच राहिला. एक, आठ, शून्य आरशातही तसेच दिसतात, फक्त त्यांची रांग उलटी होते. सरळ केल्यावर ती गाडी पहिल्या लॉटमधून थेट शेवटच्यात गेली. शिवानंदनी घाबरत घाबरत फोन केला. कापडवाला शांतपणे म्हणाला, “साहेब, पेढे लोकांच्या पोटात गेले. आता नंबर हाय तसाच राहू द्या.”

त्यानंतर आरसा माझ्याच हातात असतो. मी दिवसभर आरशातच बघते, मला उलटं-सुलटं सारखंच.

*

मुरुडच्या एका गूळवाल्या शेटजींनी आम्हाला मोठ्या थाटात बोलावलं. गाडी लाल, शेटजी पांढऱ्या कपड्यात. “एकदम ओरिजनल हाय,” म्हणाले, “चेसीचा नंबर बघा, कसा मोत्यासारखा.”

बघितला. खरंच मोत्यासारखा होता. सगळे आकडे एका रेषेत, एका खोलीचे, कडा धारदार. सर खुश झाले, शिवानंद फोटो काढून राहिले होते. मला मात्र ते आवडलं नाही. कारखान्यात माणूस हातानं ठोकायचा, एखादा आकडा खोल जायचा, एखादा तिरका व्हायचा. आमच्या धंद्यातही तेच. जिवंत दात कधी इतके सरळ नसतात.

मी वाकून वाकून बघते आहे हे बघून शेटजी हसले. “बाई, गाडी बघायला आल्या का माझे दात?”

मी म्हणलं, “दोन्ही बघितलं, शेटजी. दोन्ही नंतर बसवलेलेच हायत.”

सरांना ठसका लागला. शेटजींनी क्षणभर तोंड मिटून घेतलं, मग मोठ्यानं हसले आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नंबर मागच्या मालकानं ठोकून घेतला होता म्हणे. दातांचं त्यांनी काही सांगितलं नाही.

*

आता लातूरवालीचं ऐका, कारण खरं दुखणं तिचंच होतं.

माझे सासरे, अप्पा, यांच्या लग्नाच्या वरातीसाठी ती रंगवायला नांदेडला दिली होती, खलीलभाईंच्या वडलांकडं, हुसेन मिस्त्रींकडं. तिच्यासोबत तिची जुळी बहीण होती. अप्पांचे जिवलग दोस्त वकीलकाका, म्हणजे आमच्या कुलकर्णी सरांचे सख्खे काका, यांनी एकाच साहेबाकडून अप्पांच्या बरोबरीनं तशीच दुसरी गाडी घेतलेली. तेच मॉडेल, तोच रंग. वरातीत दोघी चकाचक मिरवल्या.

पुढं कधीतरी अप्पांनी बॉनेट उघडून नंबर ताडला. प्लेटीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरंच! अप्पा म्हणजे लातूरच्या आडत बाजारातला माणूस, आवाज पहिल्यापासून मोठा. “हुसेननं माझं इंजिन बदललं. चांगलं काढून वकिलाला दिलं.” हे त्यांनी बाजारात सांगितलं, लग्नाकार्यात सांगितलं, विचारलं नाही त्यालाही सांगितलं. वकीलकाकांशी बोलणं तुटलं ते तुटलंच. हुसेन मिस्त्रींकडं लातूरची गाडी येणं बंद झालं. ते शेवटपर्यंत एकच म्हणायचे, “मी फकस्त रंग दिलता.” तसंच म्हणत गेले.

शिवानंदनी हे सगळं ऐकलेलं होतं, पण हुसेन मिस्त्रींचं गॅरेज हेच, हे त्यांना तिथं पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते लातूरवाली घेऊन पहिल्यांदा खलीलभाईंच्या दारात गेले, तेव्हा खलीलभाई बराच वेळ गाडीकडं बघत उभे राहिले.

“तुमच्या अप्पाची ना? घ्या आत. काम जीव लावून करतो. पण हिच्या नंबराचा एकदाचा निकाल लावा. माझा बाप चोर निघाला तर माझ्या तोंडावर सांगा, मी ऐकून घेतो. न्हाई निघाला, तर ते मला अप्पाच्या तोंडून ऐकायचंय.”

बोर्डावर अजून वडलांचंच नाव होतं. त्यांनी ते कधी उतरवलं नाही.

*

निकाल लावायचा तर जुळी बहीण पाहिजे. ती वकीलकाकांच्या माघारी हिमायतनगरला सरांच्या शेतावर, हळदीच्या पोत्यांखाली पडून होती. सर ती बाहेर काढायला टाळाटाळ करत होते. आता कळतं, त्यांनाही भीती वाटत असणार. शेवटी खलीलभाईच म्हणाले, “सर, पोती मी उचलतो.”

गाडी उजेडात आली. हिरवा रंग हळदीनं पिवळा पडलेला. बॉनेट उघडलं. मी इंजिनावरचा नंबर वाचला. लातूरवालीच्या प्लेटीवर जो इंजिन नंबर होता, तोच. आणि हिच्या प्लेटीवर लातूरवालीतल्या इंजिनाचा नंबर. सरळ सरळ अदलाबदल. अप्पा इतकी वर्षं जे ओरडत होते, तेच समोर दिसत होतं.

सर खाली बघत म्हणाले, “म्हणजे काकासुद्धा यात...”

खलीलभाईंनी बॉनेट हळूच खाली घेतलं. चेहरा पार उतरलेला. “लावा अप्पाला फोन. मी जबान दिली हाय.”

शिवानंद काही फोन काढेनात. मला मात्र संताप आला. कशाचा, ते सांगता येणार नाही. त्या माणसाचा उतरलेला चेहरा मला बघवेना, एवढं खरं. मी म्हणलं, “थांबा. एक्स-रे काढल्याशिवाय मी कुणाचा दात उपटत नसते. चेसी बघितली का कुणी?”

कुणीच बघितली नव्हती. दोन्ही गाड्यांच्या चेसीवर गंज लागू नये म्हणून डांबर फासलेलं, आणि कागदपत्रं नावावर झाली तीही रंगानंतर, प्लेट बघूनच. चेसीला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

*

दोन्ही गाड्या नांदेडला गॅरेजात शेजारी शेजारी उभ्या केल्या. खलीलभाईंनी स्वतः रॉकेल लावून डांबर मऊ केलं आणि चिंधीनं पुसलं. घासू मात्र दिलं नाही कुणाला. नंबर इतका झिजलेला की बॅटरी मारली तरी दिसेना. बोटाला मात्र काहीतरी लागत होतं.

मग मी माझं सामान काढलं. कवळी करताना दातांचं माप घेतो ना, ते गुलाबी मटेरियल. पाण्यात कालवलं, चेसीवर दाबलं आणि सवयीनं म्हणलं, “हलू नका, तोंड उघडं ठेवा.” एरवी सगळे हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. गॅरेजभर पुदिन्याचा वास सुटला.

माप घट्ट झालं, मी ते अलगद सोडवलं. गुलाबी लगद्यावर आकडे उठलेले, उलटे. मी लातूरवालीच्या चेसीचा नंबर वाचला. सरांनी तो दोन्ही प्लेटींशी ताडला आणि चष्मा काढून पुन्हा घातला. तो नंबर लातूरवालीच्या प्लेटीवर नव्हता. तो होता तिच्या बहिणीच्या प्लेटीवर.

मग दुसऱ्या गाडीचं माप घेतलं. तिच्या चेसीचा नंबर निघाला लातूरवालीच्या प्लेटीवर.

सरांनी खडूनं फरशीवर मांडून दाखवलं, वर्गात दाखवायचे तसं. “इंजिनं दोन्ही आपापल्या जागी आहेत. जशी कारखान्यातून आली तशी. बदलल्यात त्या फक्त प्लेटा. रंग देताना प्लेटा काढाव्या लागतात. सारख्या गाड्या, सारख्या प्लेटा. परत लावताना हिची तिला गेली.”

खलीलभाईंना पटेना. “म्हणजे अब्बानं...”

मी म्हणलं, “चार स्क्रू पिळले, खलीलभाई. इंजिनाला हात लावला न्हाई. ते म्हणायचे ते खरं होतं, फक्त रंग दिलता.”

ते तिथंच एका टायरवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मीही रडले. पण आतून मला इतका अभिमान वाटत होता म्हणून सांगू! डिग्री मिळाली तेव्हासुद्धा एवढा वाटला नव्हता.

अप्पांना शिवानंदनी फोनवर सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा काठी टेकत गॅरेजच्या दारात हजर, लातूरहून, कुणाला न कळवता. शेजारचे पंक्चरवाले, चहावाला, सगळे बघत होते. अप्पांनी आवाज काही लहान केला नाही.

“खलील, तुझ्या बापाला मी चोर म्हणलो. बाजारात म्हणलो, चारचौघात म्हणलो. तो चोर नव्हता. चूक माझी हाय. हे मी लातूरला जाऊन पण सांगणार हाय.”

खलीलभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. अप्पा पाणी पिऊन म्हणाले, “आता त्या प्लेटा आपापल्या जागी लाव बाबा.”

खलीलभाई स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. लातूरवालीचं बॉनेट उघडलं, प्लेटीवर अंगठा फिरवला आणि तसेच माघारी आले.

“राहू द्या अप्पा. अब्बाच्या हातचे स्क्रू हायत.”

अप्पांनी मान डोलावली. सरांनीही.

*

यंदा संभाजीनगरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आमच्या दोघी शेजारी शेजारी उभ्या, धुऊन पुसून, नव्या नवरीसारख्या. लातूरवालीत अप्पा फेटा बांधून बसलेले. एक तरुण परीक्षक आला, हुशार होता, थेट वाकून दोघींच्या चेसीवर कागद धरला आणि पेन्सिल घासून नंबर उठवले. आता तिथं डांबर नाही.

“आजोबा, तुमच्या दोन्ही गाड्यांचे नंबर जुळत नाहीत.”

“हाव,” अप्पा म्हणाले.

“मार्क कापावे लागतील.”

“कापा की.”

परीक्षकाला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं नाही. तो जवळ येऊन सांगू लागला, “अहो, नुसत्या प्लेटांची अदलाबदल झालीय. पाच मिनिटांत नीट होईल. बक्षीस तुमचंच आहे.”

“म्हाईत हाय.”

त्यानं आमच्या सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. सर आभाळाकडं बघून राहिलेले, शिवानंद गालात हसून राहिलेले. शेवटी त्यानं वैतागून विचारलं, “पण हे बदललं कुणी?”

अप्पांनी खलीलभाईंकडं बघितलं. खलीलभाई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात मागं उभे होते, ते पुढं आले.

“माझ्या वडलांनी,” ते म्हणाले. “लिहून घ्या. हुसेन मिस्त्री, नांदेड.”