केसीनचा डबा आणि पोटाची तुकडी

प्रोटीनच्या त्या डब्याकडे आमच्या घरात पहिल्या दिवसापासून कुणी सरळ नजरेने पाहिलं नाही. मग मीही सरळ वागले नाही.

आमचं घर मिरकरवाड्यातलं, मासळीच्या बंदरालगत. बाबा लाँचवर तांडेल, म्हणजे बोटीवर त्यांचाच शब्द चालतो, आणि घरातही दुसऱ्या कुणाचा चालत नाही. समुद्रावरून आले की जेवताना कालवणातली माशाच्या पोटाची तुकडी, सगळ्यांत चवदार, ते स्वतःच्या हाताने माझ्या ताटात घालायचे. मी नीट जेवायला लागले तेव्हापासूनची ही रीत. दहावीला नापास झाले तेव्हाही घातली. मी चांगलं स्थळ मोडलं म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हाही न बोलता घातली. बाबांनी तोंडाने माझं कधी कौतुक केलं नाही. जे काय होतं ते त्या तुकडीत होतं.

मी एका शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी जिममध्ये वजन उचलते. जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं तेव्हा ट्रेनरने केसीन नावाची प्रोटीनची पावडर घ्यायला सांगितली. व्हे नावाचं दुसरं प्रोटीन झटकन पचतं, केसीन सावकाश पचतं, झोपेतही स्नायूंना मिळत राहतं, म्हणून रात्री जेवणानंतर घ्यायचं. ट्रेनरचं ज्ञान डब्यावरच्या लेबलाएवढं आणि तोरा मोठ्या डॉक्टरचा. पण मला वजन उचलायचं होतं, म्हणून डबा आणला.

बाबांनी मला शेकर हलवताना पाहिलं.

"ह्या काय गो?"

"प्रोटीन."

"कशाचा?"

मी मूर्खासारखं खरं सांगितलं. "दुधाचं."

"म्हावऱ्यावर दूध? अंगावर कोड फुटंल, मग कोण करील गो तुला?"

माशांवर दूध घेतलं की कोड येतं हे थोतांड आहे, असं मी ओरडून सांगितलं. कोड आलं तरी माणूस माणूसच राहतो, हेही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पोटाची तुकडी आईच्या ताटात घातली. त्यानंतर आईने मला मासे वाढायचेच बंद केले. तिला भांडायचं नव्हतं, मला वाचवायचं होतं. असं न विचारता वाचवायला येणाऱ्या माणसांची मला चीड येते. सुरमईचा लिलाव जिथे घराच्या दारातून ऐकू येतो, तिथे मी रोज डाळभात गिळत होते.

आईला म्हटलं, "पावडर सकाळी घेते, मग रात्री मासे दे."

आई म्हणाली, "तूच म्हणालीस ना, सावकाश पचता? मग सकाळचा रात्रीपर्यंत पोटातच ऱ्हाणार."

 पुढे जिममध्ये माझ्याने वजन उठेना तेव्हा ट्रेनर माझ्यावर खेकसला. "अगं, तुझे रोजचे मासे धरून मी सगळं बसवलं होतं!" म्हणजे ताकद वाढवायला डबा आणला आणि डब्याने ताटातले मासेच पळवले. मी घरी येऊन भांडी आपटली. 

एकदा संतापून मी स्वतःच पातेल्यातून दोन तुकड्या घेऊन खाल्ल्या आणि वर शेकर पिऊन रिकामा केला, बाबांच्या डोळ्यांदेखत. रात्रभर पोट टम्म फुगलं. मी हूं की चूं केलं नाही. कण्हले असते तर ते जिंकले असते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावाहून लवकर परतले. बाबा ओटीवर जाळं सांधत बसले होते. मी समोरून जाताना त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेल असं.

"ह्या कधीपासून?"

माझ्या हातावर कोपराखाली पांढरा डाग होता. घामाने पकड सुटू नये म्हणून आम्ही हाताला खडूसारखी पूड चोळतो, तिचा. मी सांगायच्या आत बाबांनी अंगठा तोंडात ओला केला आणि डाग घासायला लागले. वादळातून बोट परत आणणारा माणूस, पण पुनःपुन्हा अंगठा ओला करून घासत राहिला. पूड निघाली. खाली माझी काळीसावळी कातडी दिसली. बाबांनी हात सोडून दिला.

"घाण लावून येतंस अंगाला," एवढंच म्हणाले आणि जाळ्याकडे वळले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी पोटाची तुकडी माझ्या ताटात घातली.  मग त्यांनी माझा शेकर उचलला आणि लांब, भिंतीला सरकवला. दोन्हीतलं एक घे, असा त्याचा अर्थ होता. उद्या माझी स्पर्धा आहे हे त्यांना माहीत होतं. "जाऊन ये" एवढं जरी म्हणाले असते, तरी मी ते केसीन मोरीत ओतलं असतं.  मी उठले, शेकर घेतला आणि उभ्याउभ्या प्याले.

बाबांनी माझ्या ताटातली तुकडी उचलून परत स्वतःच्या ताटात घेतली.  पण न खाता ताट तसंच टाकून ते बाहेर गेले, आणि ती तुकडी घरच्या मांजराने नेली. त्याच मांजराला आई रोज वाटीभर दूध घालते, आणि बाबा तिला कधी अडवत नाहीत.