मोठ्या मायची सेवा

सालेकशाकडची आमची सगळी वस्ती मोठ्या मायच्या तोंडाला वचकून असे. नवरा लवकर गेल्यावर धानाची शेती तिनेच राखली. रोवण्याच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी बायांच्या ओळीत पहिली ती उभी राहायची, आणि मागे पडणारीला अशी शिवी हासडायची की ती बाई लाजून हसायची आणि भराभर हात चालवायची. आम्ही शेजारी, त्यामुळे तिची बोलणी मी पोटभर खाल्ली.

स्वातंत्र्यानंतरच्या एका उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. मोहाच्या बियांचं तेल चोळा, असं सांगून वैदू निघून गेला. कितीतरी दिवस ती नुसती घशातून आवाज काढायची. मग एका सकाळी अंगणात कोणाची तरी गाय शिरली आणि मोठ्या मायच्या तोंडून खणखणीत शिवी निघाली. स्वतःचं नाव तिला अजून सांगता येत नव्हतं, पण शिवी आली! मी आनंदाने रडले.

रोवणा लागला तोवर तिचं बोलणं बरंचसं परतलं होतं आणि ती काठी टेकत चार पावलं चालायची. तिने मला हट्टाने धानाच्या बांधीत न्यायला लावलं. कोरड्या जमिनीवर लटपटणारा तिचा पाय चिखलात रुतून उभा राहायचा. डाव्या हाताने ती रोपांची जुडी उजव्या मुठीत कोंबायची आणि एकेक रोप सोडवून लावायची. मी दंड धरला की खेकसायची, “कायले धरून राहिलीस मले? चिखलात पडली तं हाड मोडत नाई.” रोवणा संपत आला तोवर त्या उजव्या बोटांत जीव आला होता.

तेवढ्यात कोहमाऱ्याकडचे सोयरे आले आणि त्यांनी तिला चिखलात पाहिलं. तिचा मुलगा गणपत धावत आला, तिला खांद्यावर घेऊन घरी निघाला. “माय चिखलात लोळून राहिली अन् पोरगा पाहून राहिला? लोक थुंकतील माह्या तोंडावर!” गणपत वाईट नव्हता. वाईट असता तर ती सुधारली असती.

काठी माळ्यावर गेली. सून भरवू लागली. मोठी माय घास थुंकायची, शिव्या घालायची. दुखणं डोक्यात गेलं म्हणून सगळे मुकाट्याने ऐकायचे आणि पुन्हा भरवायचे. “पोरगा असावा तं असा,” येणारे-जाणारे म्हणायचे. त्या कौतुकाची मला अजून चीड येते.

लग्न होऊन मी अर्जुनीला गेले. पहिल्या माहेरपणात तिला भेटले. लुगडं स्वच्छ, केसांना तेल, बाजेवर धुतलेली गोधडी. मला ओळखून ती हसली. मी केळं सोलून तिच्या डाव्या, चांगल्या हातापुढे धरलं. तो हात मांडीवरून हलला नाही. तिने नुसतं तोंड उघडलं.