साक्षीतून गाळलेल्या गोळ्या

आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं कॉलेजला गेली की उपासनेला यायची बंद व्हायची. त्यांच्यासाठी पाळकसाहेबांनी ड्रम आणले, भिंतीवर पडदा लावला, तरी मागचे बाक रिकामेच. मग त्यांनी मला साक्ष द्यायला सांगितलं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, ही आमची जुनी रीत.

माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. वर्षभर मला उगाच धडकी भरायची, एसटीत चढायचीसुद्धा भीती वाटायची. प्रार्थनेनं धीर आला आणि परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप. पाळकसाहेब म्हणाले, गोळ्यांचं राहू दे, पोरांच्या मनाला थेट भिडलं पाहिजे. मी गोळ्या गाळल्या, नुसत्या प्रार्थनेनं बरी झाले असं सांगितलं. जबरदस्ती कुणी केली नव्हती. मलाच टाळ्या हव्या होत्या, आणि त्या मिळाल्या. पुढच्या रविवारी मागचे बाक भरले.

तिसऱ्या रविवारी उपासना संपली तशी एक कॉलेजची मुलगी माझ्याजवळ आली. ती पालमहून एसटीनं आईबरोबर यायची. तिला फिट येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा चुलीपाशीच पडली होती, मनगटावर भाजल्याचा डाग आहे. हसतच म्हणाली, "ताई, तुमची साक्ष ऐकली अन् मीबी गोळ्या बंद केल्या. पंधरा दिस झाले."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण माझा गोटा हिच्या कपाळी बसणार होता. तिला बाजूला ओढून मी सांगितलं, की माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. पर्समधलं गोळ्यांचं पाकीटही दाखवलं. तिनं पाकीट हातात घेऊन उलटून पाहिलं.

"तवा खरं बोलल्या का आता? तुमी माइकवर सांगितलं तेच मी धरून चाललेय. आताबी तिथूनच सांगा."

मला लय भीती वाटली. सगळी मंडळी मला खोटारडी म्हणणार, पाळकसाहेब पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. पण ही पोरगी परतीच्या एसटीत कोसळली तर? माणसं चपला शोधत होती. मी पुढे जाऊन माइक हातात घेतला. म्हणाले, साक्षीत मी गोळ्या लपवल्या, मी त्या रोज घेते, माझं ऐकून कुणी बंद केल्या असतील तर आत्ताच डॉक्टरांना विचारा.

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मागच्या बाकावरची दोन पोरं उठून निघून गेली. मी फक्त तिच्याकडे बघत होते. तिनं आईकडून मोबाइल मागून घेतला आणि डॉक्टरांचा नंबर लावला.