नावेवरची पांढरी रेघ

ताज्या डांबराचा वास आला की मला पुणतांब्याचा गोदाकाठ आठवतो. स्वातंत्र्याच्या आदल्या पावसाळ्यात तिथल्या भाड्याच्या नावेला नवे डांबर फासले होते. नावेच्या बाहेरच्या अंगाला एक पांढरी रेघ असे. पाणी रेघेला टेकले की नावाडी आणखी माणूस घेत नसे. त्या बाजारच्या दिवशी आम्ही तीसेक जण, दोन शेळ्या आणि तान्हे मूल घेतलेली एक बाई बसलो, तरी रेघ कोरडीच होती. म्हाताऱ्या नावाड्याने वाकून पाहिले आणि काठावरच्या ठेकेदाराला म्हणाला, "शेठ, रेघ वीतभर वर गेली हाय." ठेकेदार हसला. "डांबराखाली जुनी बुजली, म्हणून नवी काढली. तू वल्हव." "मग तुमी बी बसा की नावंत." ठेकेदार जागचा हलला नाही. नावाड्याने वल्हे खाली ठेवले आणि निम्म्या लोकांना उतरवले. संतापाची गोष्ट ही, की उतरणारे त्यालाच ओरडले, "म्हाताऱ्या, बाजार बुडवलास आमचा!" दुसऱ्या दिवशी नावेवर नावाडी नवा होता, रेघ मात्र तिथेच होती. तेव्हापासून भाड्याच्या नावेत पाय ठेवण्याआधी मी रेघ पाहत नाही. मालक कुठे उभा आहे, ते पाहतो.