शिंगवाल्या डॉक्टरांची मांडी

शिंगवाले डॉक्टर कुठलंही वैद्यकीय मासिक मागच्या पानापासून वाचत. लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असते, तिच्यात आपलं नाव आहे का ते आधी पाहायचं. नसलं की मासिक टेबलावर आपटायचं. "या लोकांना वाचनाची आवडच नाही," असं म्हणून ते लेख न वाचताच राउंडला निघत.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा इस्पितळात ते सर्जन होते आणि मी थिएटर सिस्टर. घोडेगावचा जनावरांचा बाजार जवळ असल्यामुळे बैलाने मारलेली माणसं नेमाने येत. दुसऱ्या कुणी ती शिवून घरी पाठवली असती, यांनी त्यांच्यावर पेपर लिहायला घेतले. म्हणणं साधं होतं. शिंगाची जखम शेणामातीने भरलेली असते, लगेच शिवली तर आत पू होतो, प्रसंगी पाय जातो. म्हणून ती धुऊन उघडी ठेवायची, रोज ड्रेसिंग करायचं आणि चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली की टाके घालायचे. म्हणणं बरोबरही होतं. फक्त जखमेत चिकटलेलं गॉजचं कापड रोज ओढताना पेशंट असा ओरडे की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडत. मी एकदा दुखणं थांबवणाऱ्या पेथिडिनच्या इंजेक्शनचं नाव काढलं. "ओरडू द्या, सिस्टर," ते म्हणाले. "ओरडायला ताकद आहे म्हणजे तब्येत सुधारतेय."

त्यांचे पेपर मीच टाइप करायची. संदर्भांच्या यादीत निम्मे पेपर त्यांचेच असत. मी विचारलं, "सर, तुमच्याशिवाय तुमचा उल्लेख कोणी करतं का?"

"सुरुवात कुणीतरी करावी लागते."

परदेशातून लेखाची प्रत मागणारं कार्ड आलं की ते सगळ्या स्टाफला चहा पाजत. एकदा पोलंडहून कार्ड आलं. चहा पिऊन झाल्यावर मी ते नीट वाचलं. त्या गृहस्थाला भलत्याच डॉक्टरचा पेपर हवा होता.

दुष्काळाच्या वर्षी घोडेगावचा बाजार विकायला आणलेल्या जनावरांनी फुगला होता. डॉक्टरांना पुढच्या पेपरसाठी शिंगांची मापं हवी होती. शिंप्याची टेप घेऊन ते निघाले आणि आकडे लिहायला मला ओढून नेलं.

"बैल घ्यायचा का, साहेब?"

"नाही. शिंगं मोजायचीत."

"आन् दात कोन बगनार?"

लोक हसले. एका मालकाने मात्र बैल पुढे केला. "मोजा की. लई गरीब हाय जनावर. लेकरं खेळत्यात अंगावर."

त्या गरीब जनावराने एक शिंग मोजू दिलं. दुसऱ्याला टेप लागताच मान फिरवली आणि शिंग डॉक्टरांच्या मांडीत गेलं. "आवं, टेप वडली तुमी! बुजलं ना त्ये!" मालक उलट यांच्यावरच ओरडला.

कमरेखाली भूल दिल्यामुळे थिएटरमध्ये डॉक्टर पूर्ण जागे होते. त्यांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांनी जखम धुतली, तसे हे मान उचलून म्हणाले, "आता शिवून टाक."

"सर?"

"शिव म्हणतो ना! पुढच्या आठवड्यात पुण्याला परिषद आहे. मला पेपर वाचायचाय."

"कुठला पेपर, सर?" मी विचारलं.

"माझी जखम स्वच्छ आहे, सिस्टर."

"शेण मी स्वतः काढलंय, सर."

धाकटे डॉक्टर सुई धरून घामाघूम झाले होते. साहेबांचं ऐकावं तर साहेबांचा पाय धोक्यात, न ऐकावं तर नोकरी. मी त्यांच्या हातातली सुई काढून ट्रेमध्ये ठेवली आणि जखमेत गॉज भरलं. साहेबांनी आम्हा दोघांना बडतर्फ केलं. आम्ही त्यांना वॉर्डात नेलं.

सकाळी ड्रेसिंगला मी गॉज ओढलं आणि स्वयंपाकघरातून आचारी धावत आला. शेजारच्या खाटेवर खर्ड्याचा एक शेतकरी होता, तीन दिवसांपूर्वी असाच फाडलेला. तो शांतपणे म्हणाला, "वरडा, डाक्टरसाहेब. वरडायला ताकद हाय म्हंजे तब्येत सुदारतीय."

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांनी मान वळवून त्याच्या जखमेकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेथिडिन आहे का, सिस्टर?"

"आहे."

"याचंही ड्रेसिंग राहिलंय ना? आधी त्याला द्या."

परिषद बुडाली, पाय वाचला. खाटेवरूनच त्यांनी नवा पेपर सांगितला. त्यात शेवटाकडे एक वाक्य होतं: हे ड्रेसिंग असह्य दुखतं, त्याआधी वेदनाशामक द्यावं, लेखक हे स्वानुभवाने सांगतो. मी ते टाइप केलं.

पुढे ते कायमचे पुण्याला गेले. काही वर्षांनी एक विलायती मासिक घेऊन आमच्या इस्पितळात माझ्यासमोर उभे राहिले. अखेर कुणीतरी त्यांचा उल्लेख केला होता. मला वाटलं, पेढे असतील. पण ते रागाने लाल झाले होते. लेखकाने त्यांचं ते एकच वाक्य उचललं होतं.

"इतकी वर्षं घासली, आणि यांनी घेतलं काय, तर मी ओरडलो ते! शिंगांचा शब्द नाही!"

ते वारले तेव्हा आमच्या इस्पितळात शोकसभा झाली. धाकटे डॉक्टर आता मोठे झाले होते. ते त्यांच्या पेपरांची नावं एकेक करून वाचू लागले. मी मध्येच उठले. वॉर्डात ड्रेसिंगची वेळ होत आली होती, आणि इंजेक्शनं आधी द्यावी लागतात.