हिंगण्याच्या गेटवर रोज येणारा माणूस

ऐन मे महिन्यात नागपूर! आईनं तर "डोकं ठिकाणावर आहे ना?" असंच विचारलं. पण कामगार न्यायालयात खटले चालू असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या मालकांना भेटून प्रश्न विचारायचे, असं सर्वेक्षणाचं काम मिळालं होतं आणि पुण्यात बसून माझी नुसती चिडचिड चालली होती. भरली बॅग आणि निघाले.

मुक्काम सीताबर्डीला. खोली स्वस्त, पण कूलर रात्रभर खडखडणारा; जाणाऱ्यांनी आधी कूलर लावून बघावा, मगच पैसे द्यावेत. सकाळी तर्री-पोहे खाल्ले आणि कानातून धूर निघाला. कारखाने सगळे हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत; तिकडे जायला मेट्रो उत्तम, स्वस्त आणि गार. पुढे ऑटो करावा लागतो आणि घासाघीस केल्याशिवाय तो परवडत नाही. डोक्याला ओला दुपट्टा हवाच, तिथे मिरवायला काही जायचं नाहीये.

आमच्या कामात एकाच खटल्यातल्या दोन्ही बाजूंना भेटायचं असतं. एक नियम मात्र पक्का: एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही.

पहिली बाजू देवानंदभाऊ मेश्राम. एका कारखान्यात मशीनवर होते, काही वर्षांपूर्वी तिथून काढून टाकलं. कामावर परत घ्या म्हणून खटला चालू आहे. पोटासाठी ऑटो चालवतात. त्यांनी मला सकाळच्या पाळीच्या वेळेला, त्याच कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाटपरीवर बोलावलं. इथेच का, विचारलं, तर म्हणाले, मी रोजच येतो. काढलं तेव्हा वकिलानं बजावलं होतं, की कंपनी म्हणेल यानंच काम सोडलं, तेव्हा रोज गेटवर जाऊन उभं राहायचं.

"पण अजूनही?"

"थांब असं कोणी म्हटलंच नाही न, ताई. साहेबाची गाडी माह्यासमोरूनच आत जाते. पायते न ते मले रोज."

वर्षानुवर्षं हा माणूस इथे उभा राहतोय! मला भडभडून आलं आणि त्या वकिलाचा भयंकर रागही आला. देवानंदभाऊंची बायको गावी, पारशिवनीला, शेतमजुरी करते. आता पुरे, घरी या, असं तिनं निक्षून सांगितलंय. कंपनीकडून काहीच हालचाल दिसली नाही, तर याच महिन्यात खोली सोडून कायमचं गावी यायचं, असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बाजूकडे, कारखान्याच्या साहेबांकडे गेले. एसी केबिन, थंडगार मठ्ठा, बोलणं अगदी साखरेतलं. देवानंदभाऊंचा विभाग केव्हाच बंद झाला, मशीनही विकली, म्हणाले. निकाल विरोधात गेला तर वरच्या कोर्टात जाऊ, आम्हाला कुठे घाई आहे? "मॅडम, त्यानं स्वतःच काम सोडलं. परत एकदाही फिरकला नाही."

खिडकीतून गेट दिसत होतं. देवानंदभाऊ उभे होते. तो बाहेर उभा आहे तो कोण, मी विचारलं.

"तो? ऑटोवाला आहे. रोज सवारीची वाट पाहत राहते."

मठ्ठा बाजूला सरकवला. उरलेले प्रश्न मी कसेबसे उरकले.

बाहेर आले तर देवानंदभाऊ थांबलेलेच होते. साहेब काय म्हणाले, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, भाऊ, सांगता येत नाही, आमचा नियम आहे. त्यांनी माझं तोंड न्याहाळलं. मग हसले. साहेब तुमच्याशी बोलायला बसले, म्हणजे इतक्या वर्षांत कंपनीनं माझ्या नावाची बैठक तरी घेतली, म्हणाले. "अन् वाईट असतं, तर तुम्ही सांगूनच टाकलं असतं."

"तसं काही नाही, भाऊ," एवढं बोलले. पुढचं सगळं जिभेवर आलं होतं, पण गिळलं. नियमाला आग लागो.

येताना संत्रा बर्फी घेतली. घरी सगळ्यांनी आवडीनं खाल्ली, नागपूर कसं आहे विचारलं. मी उन्हाबद्दल बोलले. तसं सांगायचं तर शहर छान आहे, रस्ते रुंद, माणसं दिलदार. पण मला कोणी परत चल म्हटलं तर पाय उचलणार नाही.

काल देवानंदभाऊंचा फोन आला. आवाजात केवढा उत्साह!

"ताई, बायकोले सांगून दिलं, मी नाही येत. आता काहून जाऊ? खोली बी ठेवली. गेटवरूनच बोलून राहिलो."

"उन्हात उभे राहू नका, भाऊ," मी म्हणाले. नियमात बसणारं तेवढंच होतं.